न शिकवलेली चाळणी

माझा धंदा वेगाचा आहे. सदाशिव पेठेत, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर माझा क्लास आहे. तिथे मी बारावीच्या मुलांना प्रवेशपरीक्षांसाठी तयार करतो. पाटीवर ‘गणित’ लिहिलंय. खरं सांगायचं तर गणित मी शिकवत नाही, पेपर वेळेत संपवायला शिकवतो.

त्याची माझी एक पद्धत आहे. मुलं तिला चाळणी म्हणतात. पेपर हातात आला की पहिल्या प्रश्नापासून सोडवत बसायचं नाही. आधी सगळा पेपर चाळून घ्यायचा. ज्या प्रश्नावर हात आपोआप चालतो तेवढेच पहिल्या फेरीत करायचे. वाट दिसते पण चालावं लागेल, असे दुसऱ्या फेरीत. उरलेल्यांत उत्तरांकडून मागे यायचं, चार पर्यायांतले अशक्य असतील ते खोडत. आणि कुठे अडलं, की तो प्रश्न टाकून पुढे जायचं. हेच सगळ्यात अवघड. हुशार मुलांना प्रश्न अर्धवट टाकताना अपमान वाटतो. तो अपमान त्यांच्या अंगातून काढणं, हे माझं खरं काम. ते मला चांगलं येतं.

माझी मुलगी याच चाळणीतून निघाली. ती आठवीत असल्यापासून आमचा एक खेळ होता. कर्वे रस्त्यावर सिग्नलला स्कूटर थांबली की पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटवरचा आकडा मूळ संख्या आहे का, ते हिरवा दिवा लागायच्या आत सांगायचं. ‘‘बाबा, सातानं जातो!’’ असं ती मागून माझ्या हेल्मेटवर थापट मारून ओरडली, की मला आयुष्यात आणखी काही नको असे.

बारावीनंतर तिने इंजिनिअरिंग घेतलं नाही. गणित आणि कॉम्प्युटर सायन्स घेऊन बीएस्सीला गेली, आणि पहिल्याच वर्षी आपटली. उत्तरं बरोबर होती, गुण नव्हते. एका पेपरवर प्राध्यापकांनी लाल शाईने लिहिलं होतं, ‘सिद्ध करा म्हटलं होतं.’ तो पेपर घेऊन ती माझ्याकडे आली.

‘‘उत्तर आलंय ना? मग यांना आणखी काय पाहिजे?’’ मी म्हणालो.

यांना काय पाहिजे ते मला पक्कं माहीत होतं. माझ्याकडे ते नव्हतं. मी स्वतः एमएस्सी पहिल्या वर्षी सोडली. घरी सांगितलं की नोकरीची गरज आहे. खरं कारण असं, की हॉस्टेलवर माझ्या शेजारच्या खाटेवरच्या मुलाला जे कळत होतं ते मला कळत नव्हतं, आणि त्याच्या शेजारी रोज बसणं मला सहन होईना. असो.

दुसऱ्या वर्षी मुलीने घरी एक मैत्रीण आणली. ही मुलगी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलेली. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायची, म्हणजे एका खोलीत चार खाटा आणि त्यांतली एक हिची. पुण्यातल्या मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात, म्हणून मुलीने तिला कोथरूडला आमच्याकडे जेवायला बोलावलं. मग दर रविवारी ती येऊ लागली. जेवण व्हायचं, आणि ताटं उचलली की त्याच टेबलावर दोघी अभ्यासाला बसायच्या.

पहिल्या रविवारी मी तिला तपासून घेतलं. धंद्याची सवय. क्लासच्या पेपरातला एक सोपासा प्रश्न टाकला. तिने पेन्सिल उचललीच नाही. नुसती बघत बसली. इतका वेळ गेला की मला तिची दया आली.

‘‘अगं, सूत्रात घाल, दोन ओळींत सुटतं,’’ मी म्हणालो.

‘‘ते तर दिसून राहिलं काका,’’ ती म्हणाली. ‘‘पण ते सूत्र काहून लागते इथं?’’

काहून म्हणजे का. हा तिचा शब्द आमच्या घरात लवकरच रुळला. भाजीत मीठ जास्त का झालं असं मी विचारल्यावर बायकोने मलाच उलटं विचारलं, ‘‘काहून?’’ सगळ्या हसल्या. मीही हसलो. पण सूत्र तिथे का लागतं, ते मी त्या रविवारी सांगितलं नाही. विषय बदलला. मनात म्हटलं, मंद आहे पोरगी. माझ्या क्लासमध्ये आली असती तर शेवटच्या बॅचला बसवली असती.

त्या समजुतीवर मी काही महिने सुखाने काढले.

मग एका रविवारी त्या दोघींचं सातत्यावर चाललं होतं. फलनाच्या सातत्याचे दोन प्रकार असतात, साधं आणि एकसमान. दोन्ही व्याख्यांत शब्द जवळजवळ तेच, फक्त त्यांचा क्रम बदलतो. माझ्या मुलीला दोन्ही पाठ होत्या, फरक मात्र सांगता येत नव्हता. मी पलीकडे सोफ्यावर पेपर वाचत होतो, म्हणजे तसा बसलो होतो.

मैत्रीण म्हणाली, ‘‘अगं, बांगड्या भरायला जातो न आपण. एक बांगडीवाला प्रत्येकीचा हात बघते, तिच्या मापाची बांगडी काढते. कोणीच रिकाम्या हातानं जात नाही. हे झालं साधं. आता दुसरा बांगडीवाला आहे, त्याच्याजवळ एकच माप. त्या एका मापात दुकानातल्या सगळ्या बायांचे हात गेले पाहिजे. हे एकसमान.’’

मुलीने टेबलावर हात आपटला. ‘‘म्हणजे माप आधी ठरवायचं, हात नंतर बघायचा!’’

‘‘होय न. तेवढंच आहे.’’

मी पेपरचं पान उलटलं. ही व्याख्या मी एमएस्सीच्या वर्षी घोकली होती. शब्दन्‌शब्द लिहून दाखवली असती. ती मला कळली त्या रविवारी, माझ्याच घरात, वांग्याच्या भाजीचा वास अजून हवेत असताना, एका विशीतल्या मुलीकडून, आणि तीही माझ्याशी बोलत नव्हती. आनंद व्हायला हवा होता. झाला तो जळफळाट. मला त्या मुलीचा राग आला, तिच्या पेन्सिलीचा राग आला, आणि सगळ्यात जास्त राग माझ्या मुलीच्या चेहऱ्याचा आला. सिग्नलला सातानं जातो म्हणताना तिचा चेहरा आरशात जसा दिसायचा, तसाच तो दिसत होता. फक्त आता तो माझ्यामुळे झालेला नव्हता.

त्यानंतर मला सगळं दिसायला लागलं. कुठे अडलं की मुलगी आता माझ्या खोलीच्या दारावरून पुढे जाई आणि गॅलरीत उभी राहून तिला फोन लावी. प्रोग्रॅमिंगचंही तेच. आमच्या घरी लॅपटॉप होता, मुलगी पटापट लिहायची, चालवून बघायची, चुकलं की दुरुस्त करायची. मैत्रिणीकडे सुरुवातीला लॅपटॉप नव्हता. तिने क्लासच्या पाठकोऱ्या कागदांवर प्रोग्रॅम लिहून, प्रत्येक पायरीला कुठल्या चलाच्या खोक्यात काय आहे ते खोडत-लिहीत हातानेच चालवायची सवय लावून घेतली होती. त्यामुळे प्रोग्रॅम कुठे चुकणार ते तिला चालवण्याआधी दिसायचं. ते कागद मीच आणून देत होतो. पुढे मी ते आणायचं विसरू लागलो.

बायकोच्या लक्षात आलं असावं. ती एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, ‘‘अहो, ती पोरगी जेवायला येते, तुमचं राज्य घ्यायला नाही.’’

‘‘मी काही म्हणालो का?’’

‘‘तेच तर. रविवार सोडून बाकीचे दिवस तुम्ही किती बोलता.’’

तिसऱ्या वर्षी दोघींनी ठरवलं की दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत एमएस्सीसाठी प्रयत्न करायचा. जागा मोजक्या असतात. परीक्षेचे दोन भाग. पहिला पर्याय निवडण्याचा, भराभर. दुसरा सिद्धता लिहिण्याचा. मेख अशी, की पहिल्या भागात ठरावीक गुण पडले नाहीत तर दुसरा भाग तपासतच नाहीत.

माझ्या मुलीसाठी ही एक परीक्षा होती. नाही झालं तर पुणं होतंच. मैत्रिणीचं तसं नव्हतं. वडील नव्हते, घर मोठ्या भावाच्या हातात. त्याने साफ सांगितलं होतं की या उन्हाळ्यात तिथं लागलं, शिष्यवृत्ती मिळाली, तर जा. नाही तर गावी ये, बीएड कर, स्थळं बघायला घेतली आहेत. हे तिने आमच्या टेबलावर, आमटी ओरपता ओरपता, हसत सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. पुढचं वाचताना हे ध्यानात असू द्या.

परीक्षेला काही आठवडे उरलेले असताना, एका रविवारी ती वही न उघडता माझ्यासमोर येऊन बसली.

‘‘काका, माझा पहिला भाग होऊनच नाही राहिला. जुने पेपर सोडवले, अर्ध्यावरच वेळ संपते. एखादा प्रश्न आवडला की मी तिथंच बसून राहते. तुम्ही क्लासमध्ये शिकवता ते मला शिकवा न. ती चाळणी म्हणतात ते.’’

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला माझ्याकडचं काही हवं होतं. जगात मला जी एकच गोष्ट नीट येते तीच नेमकी. दोन रविवारांचं काम होतं. माझ्या क्लासमधल्या कुठल्याही पोराला मी ते दिलं असतं, न मागता.

मी चष्मा काढला, पुसला. म्हणालो, ‘‘हे बघ, तुझ्या डोक्याला असल्या युक्त्यांची गरज नाही. त्या आमच्यासारख्यांसाठी. तुझी विचार करायची रीत आहे ती फार दुर्मिळ आहे, ती बिघडवू नकोस. घाई करू नको. शांतपणे, एकेक प्रश्न, तुझ्या पद्धतीने कर. तुझं होणार.’’

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या बायकोचे डोळे मऊ झाले. मुलगी येऊन माझ्या खुर्चीच्या हातावर बसली. ‘‘बाबा, कसलं भारी बोललात!’’ मैत्रिणीने नुसती मान खाली घातली. तिला कुणी इतकं चांगलं म्हटलं नसावं.

मी बोललो त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता. म्हणून तर ते जमलं. खोटं बोललो असतो तर अडखळलो असतो. तिच्या पद्धतीने एकेक प्रश्न करत गेली तर पहिला भाग तिच्या हातून जाणार, हे मी बोलत असतानाच मला ठाऊक होतं. माझा धंदाच तो आहे.

आणि त्याच आठवड्यात मी मुलीला क्लासच्या रिकाम्या खोलीत नेऊन त्या परीक्षेसाठी चाळणी पुन्हा नव्याने शिकवली. जुने पेपर काढले, कुठले प्रश्न पहिल्या फेरीचे, कुठले सापळे, सगळं.

‘‘तिला बोलावू का बाबा? इथंच राहते, पाच मिनिटांवर.’’

‘‘तिचं निराळं आहे. तिला यात ओढू नकोस.’’

मुलीने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग पेपरात डोकं घातलं.

निकाल लागला. मुलीचा पहिला भाग उत्तम गेला होता, दुसऱ्यात ती पडली. निवड झाली नाही. मैत्रिणीची झाली, शिष्यवृत्तीसकट.

कसं ते मला कळेना. मी स्वतःशी हिशेब मांडून पाहिला, पेपर सोपा होता का तेही पाहिलं. सोपा नव्हता. मग ती गावाहून संत्रा बर्फी घेऊन आली. वाकून नमस्कार केला. बर्फीचा डबा माझ्या हातात देत म्हणाली, ‘‘काका, तुमच्या चाळणीनंच वाचवलं. नाही तर मी अजून चौथ्याच प्रश्नावर बसून राहिली असती. हिनं सांगितलं मला, तुम्ही मुद्दाम माझ्यासाठी वेगळी करून दिली म्हणून. समोर सांगितलं असतं तर मी ऐकली नसती, असं म्हणाले म्हणे तुम्ही. खरं आहे. नसतीच ऐकली.’’

मुलगी चहा गाळत होती. तिने मान वर केली नाही.

‘‘घ्या न काका.’’

मी बर्फीचा तुकडा तोंडात टाकला. तो तोंडात धरून बसलो, बोलावं लागू नये म्हणून.

ती गेल्यावर मी मुलीला विचारलं, ‘‘तिला खोटं का सांगितलंस?’’

‘‘मग काय सांगायचं होतं? बाबांनी तुला मुद्दाम शिकवलं नाही, असं?’’

‘‘तुझी जागा गेली.’’

‘‘माझी नव्हतीच ती.’’ तिचा आवाज चढला नाही, तेच अवघड होतं. ‘‘दुसऱ्या भागात मला जे दोन प्रश्न लिहिता आले ना, ते तिच्यासोबत बसल्यामुळे आले. तिने मला दोन वर्षं शिकवलं. मी तिला दोन आठवडे शिकवलं. तुमचंच शिकवलं, तुमच्या नावाने. फिटलंसुद्धा नाही.’’

‘‘तुला वाईट नाही वाटत? ती जाणार, तू इथे राहणार?’’

‘‘वाटतं ना. दोन दिवस रडले. तुम्ही क्लासमध्ये होतात.’’ मग म्हणाली, ‘‘पण तिच्या नावाने नाही रडले मी.’’

हे मला समजत नाही. आजही नाही. मी प्रामाणिकपणे बसून विचार केला आहे. आपल्या शेजारी आपल्याहून सरस माणूस बसलेलं असताना त्याच्याकडून घ्यायचं, आपलं त्याला द्यायचं, आणि ते पुढे गेलं की स्वतःसाठी रडायचं, पण त्याच्या नावाने नाही. माझ्या घरात वाढलेल्या मुलीला हे कुठून आलं? माझ्याकडून तर नाही. गणितात टिकायला हेच लागत असावं, वेगाहून आणि बुद्धीहूनही जास्त. तेव्हापासून मला त्या मैत्रिणीचा हेवा वाटतो त्याहून माझ्या मुलीचा जास्त वाटतो. बाप असून असं लिहायला नको. पण आहे ते असं आहे.

‘‘तिला तुम्ही सांगा,’’ मुलगी म्हणाली. ‘‘मी नाही सांगणार. आणि आता आणखी खोटंही बोलणार नाही.’’

मी पावसाळाभर टाळलं. ती दक्षिणेत गेली, मुलगी पुण्यात विद्यापीठात एमएस्सीला लागली. दोघी रोज फोनवर. मला ‘काकांना नमस्कार सांग’ असे निरोप यायचे आणि प्रत्येक निरोपाला मुलगी माझ्याकडे एकदा बघायची. दिवाळीला गावी जाताना ती पुण्यात उतरली. सकाळी आमच्याकडे आली, दुपारी पुढची गाडी होती. जेवायला बसलो. मी म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

मी सांगितलं. जसं वर लिहिलंय तसंच, थोडक्यात. बांगड्यांपासून. मी पद्धत मुद्दाम दिली नाही, तुझं कौतुक केलं ते त्यासाठीच केलं, पुढे जे मिळालं ते हिने दिलं. बायकोच्या हातातला वाढायचा डाव तसाच राहिला. तिलाही यातलं काही माहीत नव्हतं.

मैत्रीण जेवत राहिली. भात संपवला. मग तिने तिच्या त्या सावकाश पद्धतीने विचारलं, ‘‘काका, एक सांगा. चाळणी नसती, तर माझा पहिला भाग निघाला असता का?’’

इथे मला सूट होती. कुणी सांगावं, कदाचित, असं म्हणता आलं असतं.

‘‘नाही,’’ मी म्हणालो. ‘‘दुसरा भाग कुणी उघडला नसता.’’

‘‘आणि भावानं काय म्हटलं होतं ते तुम्हाला माहीत होतं.’’

‘‘हो.’’

तिने मान हलवली, एखादी पायरी पटल्यावर हलवायची तशी. काहून, असं तिने विचारलं नाही. मी त्याची तयारी करून बसलो होतो.

उठली, आणि हातात ताट घेऊन बायकोला म्हणाली, ‘‘काकू, हे कुठं ठेवू?’’ दोन वर्षं ती या घरात आपलं ताट न विचारता मोरीत ठेवत होती, घासतही होती. बायकोने ते तिच्या हातातून घेतलं आणि तोंड फिरवलं.

दारात तिने चपला घातल्या. मला नमस्कार केला नाही. ‘‘तुम्ही सांगितलं ते बरं केलं काका,’’ एवढं म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. मुलगी तिची बॅग उचलून तिच्याबरोबर निघाली, स्टेशनपर्यंत सोडायला.

मी दारात उभा राहिलो. दोघी जिना उतरत होत्या. पहिल्या मजल्यापर्यंत काही आवाज नव्हता, नुसत्या चपला. मग खालून मुलगी काहीतरी पुटपुटली आणि त्या दोघी हसल्या. मोठ्याने, खूप दिवसांचं साचलेलं असावं तशा. कशावर हसल्या ते मला ऐकू आलं नाही. माझ्यावर असेल. एखाद्या अडलेल्या सिद्धतेवर असेल, किंवा आणखी कशावर. मुलगी परत आल्यावर मला ते विचारावंसं फार वाटलं. विचारलं नाही.